लशीची अट आणि कामगारांची संमती : मासळी कारखान्यातील माझा अनुभव

२०२१ सालची पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपणार होती. रत्नागिरीजवळच्या ज्या मासळी प्रक्रिया कारखान्यात मी कामगार विभाग सांभाळते, तेथे कोळंबी सोलणाऱ्या बायकांना पुन्हा कामावर बोलावण्याची तयारी चालू होती. कोविडची लस न घेतलेल्यांना फाटकातून आत सोडू नये, असे परिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. हेतू वाईट नव्हता. थंड, बंद शेडमध्ये खांद्याला खांदा लावून काम चालते. तरीही या अटीला कायद्याचा आधार कोणता, हे पाहिल्याशिवाय परिपत्रक काढू नये, असे मी व्यवस्थापनाला सांगितले.

विषमज्वराची लस आपण घ्यायला लावतोच, असा युक्तिवाद झाला. ते खरे होते. अन्न व्यवसायांच्या परवान्यासंबंधी २०११ मध्ये झालेल्या विनियमांच्या अनुसूची ४ नुसार अन्न हाताळणाऱ्यांना आतड्याच्या रोगांविरुद्ध लस देऊन तिची नोंद तपासणीसाठी ठेवावी लागते. पण तेथे सक्ती नियमाची आहे, मालकाच्या इच्छेची नाही. कोविडची लस ऐच्छिक असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होते, आणि दुकानदार व टॅक्सीचालकांवर लस घेण्याची अट घालून त्यांची उपजीविका अडवता येणार नाही, असे मेघालय उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजी म्हटले होते.

मग मी बायकांशीच बोलले. लशीला ठाम विरोध फार थोड्यांचा होता. एका मावशींनी विचारले, “लस घेईन हो ताई, पण दुसऱ्या दिवशी ताप आला तर हजेरी बुडेल, ती कोण देणार?” ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न लशीच्या सुरक्षिततेइतकाच मोठा असतो. दुसरी एक जण गरोदर होती आणि घरच्यांशिवाय कोणालाही तिने ते सांगितले नव्हते. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची मुभा त्याच जुलैमध्ये मिळाली होती. तिला आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा होता. नकाराचे कारण लेखी द्यावे, असा रकाना मसुद्यात होता. तो भरायचा म्हणजे तिला मुकादमासमोर आपली प्रकृती उघड करावी लागली असती. तो रकाना मी काढून टाकला, आणि त्याबद्दल मी कोणतीही तडजोड केली नसती. रोजगार जाण्याच्या भीतीने दिलेल्या होकाराला संमती म्हणणे मला मान्य नव्हते.

चर्चेअंती जे धोरण ठरले त्यात लशीच्या दिवसाची आणि ताप आल्यास दुसऱ्या दिवशीची भरपगारी रजा ठेकेदाराच्या कामगारांनाही लागू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने शंका विचारण्यासाठी बैठक ठेवली, आणि लस न घेतलेल्यांना मास्क व अंतराच्या अटीवर मोकळ्या जागेतील काम देऊ केले, तेही त्याच मजुरीवर.

पुढे २ मे २०२२ रोजी लससक्तीला आव्हान देणाऱ्या जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक स्वायत्तता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली संरक्षित असून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असा निर्णय दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन काही निर्बंध घालू शकते, मात्र ते कायद्यावर आधारलेले, आवश्यक आणि प्रमाणात असले पाहिजेत, हेही त्याच निकालात आहे. अनेक जण हा दुसरा भाग वगळून निकाल सांगतात.

कामगारांच्या कोविड लशीच्या प्रमाणपत्रांच्या प्रतींचा प्रश्न तेवढा उरला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ चे नियम वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती मानतात, म्हणून गरज संपल्यावर संगणकातील त्या सर्व प्रती पुसून टाकण्यास मी व्यवस्थापनाची लेखी मंजुरी घेतली. विषमज्वराच्या लशीची नोंदवही मात्र आजही ठेवली जाते, कारण ती नियमाने मागितली आहे.