गहू सोडला आणि कंबर धरली

रात्रीचे साडेअकरा.

सकाळी मोजा घालायला वाकले आणि तशीच राहिले. एक हात पलंगाच्या कडेवर, मोजा अर्धा पायात, अर्धा बाहेर. कळ माकडहाडाच्या जरा वर, डाव्या अंगाला, बोट ठेवून दाखवता येईल अशी. सरळ होईपर्यंत घाम फुटला. महिन्याभरातली ही चौथी वेळ.

ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं एक प्रथिन, बंद करून आज ४२ दिवस झाले. गहू, जव, राय, सगळंच बंद. पोट फुगायचं, जेवलं की ग्लानी यायची, म्हणून सोडलं. आणि पोटाला खरंच आराम पडला. पण दहा-बारा दिवस होत नाहीत तोच कंबर सुरू झाली. पडले नाही, जड काही उचललं नाही. गादी तीच, खुर्ची तीच. बदललं ते फक्त ताट, असं म्हणून मी पथ्यालाच दोषी ठरवून मोकळी झाले होते.

परवा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आडवं करून पाय एकेक उचलून पाहिले. पायात मुंग्या, अशक्तपणा? लघवी-शौचावरचा ताबा? मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा? ताप, वजनात घट? सगळ्याला 'नाही' म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. ताबा सुटला किंवा बधिरपणा आला तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग विचारलं, "ग्लुटेन सोडण्याआधी रक्त तपासलं होतं का?"

नव्हतं तपासलं.

ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सिलिॲक हा आजार असेल तर ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतली मखमलीसारखी लव झिजते; लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं तर हाडं कमजोर होतात, पाठ-कंबर दुखू शकते. म्हणजे दुखण्याचं मूळ या ४२ दिवसांच्या कितीतरी आधीचंही असू शकतं. आणि सिलिॲक शोधणारी रक्ततपासणी प्रतिपिंडं मोजते, म्हणजे प्रतिकारशक्तीने रक्तात सोडलेली प्रथिनं. ग्लुटेन पोटात जाणं थांबलं की ती ओसरत जातात. आता अहवाल चांगला आला तरी त्यावर विसंबता येणार नाही. खात्री हवी तर निदान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त जेवणांत, पुन्हा ग्लुटेन खायचं आणि मग रक्त द्यायचं. एक जनुकांची तपासणी पथ्यावर असतानाही चालते. पण तिने सिलिॲक नाही एवढंच जवळजवळ नक्की सांगता येतं. ती जनुकं असूनही निरोगी असलेली माणसंच जास्त.

विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांबद्दल वाचत होते. सिलिॲकमागे गहू असल्याचा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता. तरी मुलांना गहू देऊन, बंद करून, वजनं नोंदवत ते वर्षानुवर्षं पाहत राहिले आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. मी दहा दिवसांत निकाल लावला, याचं आज फार वाईट वाटलं.

म्हणून संध्याकाळी पथ्याची वही पहिल्या पानापासून वाचली. कंबर धरली त्या चार दिवसांपैकी तीन दिवसांच्या आदल्या नोंदीत 'पोट साफ नाही' असं माझ्याच अक्षरात आहे. गव्हाबरोबर ताटातला चोथाही गेला होता. त्याच्या जागी जी ग्लुटेनमुक्त पाकिटं आणली त्यांत बरंचसं नुसतं पिष्ट. बद्धकोष्ठाने कंबर दुखते, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं; मी ते कानाआड केलं.

चौथ्या दिवसाचा मात्र मेळ बसत नव्हता. मग भाजी चिरायला ओट्याशी उभी राहिले आणि लक्षात आलं, मी डावा कुल्हा ओट्याच्या कडेला टेकवून, एका पायावर भार देऊन उभी राहते. पथ्य सुरू झाल्यापासून माझं वेगळं शिजतं, वेगळी भांडी, वेगळं घासणं. रोज दीड तास जास्तीचा, असाच वाकडा. ताटच फक्त बदललं होतं हे काही खरं नव्हतं.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मग सापडलं ना कारण!" सापडलं असं नाही म्हणवत मला. चोथा, ओटा, हाडं, की यातलं काहीच नाही?

चिरायचं सामान टेबलावर हलवलंय. उद्या सकाळी ड जीवनसत्त्व, लोह आणि जनुकांसाठी रक्त द्यायचंय. पुन्हा गहू खायचा की नाही, ते अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवेन. त्या सहा आठवड्यांची भीती वाटते.

मोजे उशाशी काढून ठेवलेत. उद्या बसून घालेन.