उलटा ससा

दुपारी अडीचच्या सुमाराला माझ्या एका हातात चणे उकडलेलं पाणी होतं आणि दुसऱ्या हातात उलटा ससा.

उलटा म्हणजे पाय वर केलेला नव्हे. शिवून झालेला, पण अजून उलटवायचा राहिलेला. सगळ्या शिवणी बाहेर, दोऱ्यांची टोकं लोंबतायत, कान पोटात गेलेले. या अवस्थेतला ससा ससा वाटतच नाही, एखाद्या प्राण्याच्या आतला अवयव वाटतो. कुठला, ते विचारू नका.

उद्या संध्याकाळी चार मोठी माणसं आणि साडेचार वर्षांची एक मुलगी जेवायला येणार आहेत. मोठ्यांसाठी बेत आणि मुलीसाठी ससा. दोन्हींची तयारी एकाच टेबलावर, कारण टेबल एकच आहे. सकाळपासून दोनदा चण्यात दोरा निघाला आणि एकदा सशाच्या कानाला कोको लागला.

जेवणाचा बेत असतो आणि कापडही बेततात, हे मला फार बरं वाटतं. भाषेला ठाऊक आहे की काम एकच आहे. हातात जेवढं आहे ते अंथरायचं, समोर बसायचं, आणि कात्री किंवा सुरी लावायच्या आधी मनातल्या मनात म्हणायचं, पुरेल ना? एकदा कापलं की कापलं. (एखादी गोष्ट जिवावरही बेतते. त्याकडे येतेच आहे.)

माझ्या घरच्या बेतात दूध, लोणी, अंडं यांतलं काही नसतं. बरीच वर्षं झाली. का, ते पाहुण्यांना सांगून सांगून मी कंटाळले आहे, इथे सांगत नाही. या खाण्याला जो ‘व्हीगन’ शब्द चिकटला आहे त्याची जन्मकथा मात्र मला शिवणकामाची वाटते. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींना दूधही न घेणाऱ्यांसाठी वेगळं नाव हवं होतं. त्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरं घेतली, शेवटची दोन घेतली, मधलं कापड काढून टाकलं आणि दोन टोकं जोडली. मोठ्या माणसाच्या जुन्या सदऱ्यातून लहान मुलाचं झबलं काढतात, तसा शब्द काढला.

चण्याच्या पाण्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. कित्येक पिढ्यांनी हे पाणी सिंकमध्ये ओतून दिलं असेल. मीही दिलं. मग 2014 मध्ये जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की शेंगांतल्या दाण्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि पुढच्या वर्षी गूज वोल्ट या अमेरिकन माणसाने त्याला ‘अक्वाफाबा’ असं भारदस्त नाव दिलं. लॅटिनमध्ये पाणी अधिक शेंगदाणा, म्हणजे खाण्याचा शेंगदाणा नव्हे, शेंगेतला दाणा. उकडताना चण्यातून प्रथिनं आणि स्टार्च पाण्यात उतरतात आणि घुसळल्यावर तेच हवेला धरून ठेवतात. पाणी जरा आटवून दाट करायचं, गार करायचं, लिंबाचे दोन थेंब टाकायचे आणि यंत्राने सात-आठ मिनिटं घुसळायचं. साखर हळूहळू. घाई केली की नुसतं गोड पाणी उरतं. मी दोन वेळा प्यायले आहे.

तर ते पाणी गार होईपर्यंत ससा उलटवायला घेतला.

उलटवायच्या आधी वळणांवर कातरे मारायचे असतात. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतो त्याला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. मायेवाचून शिवण टिकत नाही, पहिल्या ओढीला सुटते. पण वळणावर तीच माया गोळा होते, कानाच्या टोकाशी गाठोडं होऊन बसते, आणि बाहेरून कान ठेंगणा दिसतो. म्हणून तिथे ती कातरावी लागते, शिवणीच्या अगदी जवळपर्यंत, शिवण न तोडता. हे मला आत्याने शिकवलं. आत्या स्वतः आम्हां भाचरांच्या बाबतीत कुठेही कातरे मारत नसे.

आत्याची कात्री हा घरातला देव होता. काळी, जड, जिचा आवाज ‘कच’ असा नसून ‘खर्रम्’ असा होता. तिने फक्त कापड कापायचं. कागद कापला की धार जाते, हे त्या घरात अक्षर ओळखायच्या आधी कळायचं. आता माझी कात्री आहे आणि माझं तेच आहे. मध्यंतरी घरातल्या एका समंजस, सुशिक्षित, माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापली. ओटचं दूध होतं, म्हणजे तत्त्वाने सगळं बरोबर होतं. तरी दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं.

मी सहा वर्षांची असताना आत्याने मला एक बाहुली शिवून दिली. हिरवा झगा, लोकरीचे केस, भरतकामाचे डोळे, त्यातला एक किंचित वर. तिच्यावर माझं इतकं प्रेम होतं की तिच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय मला राहवेना. मऊ होती, पण सारखी मऊ नव्हती. पोटाशी दाबलं की काहीतरी घट्ट लागायचं आणि दंडात काहीतरी कुरकुरायचं. तीन-चार रात्री मी ते कुरकुरणं ऐकत झोपले. मग एका दुपारी सगळे झोपलेले असताना तिला पलंगाखाली नेली आणि उघडली. कात्री अर्थातच तीच.

आतून माझाच झगा निघाला. दोन वर्षांपूर्वीचा, पिवळ्या ठिपक्यांचा, चिंध्या झालेला. मग आत्याच्या पोलक्याची निळी पट्टी, एक अर्धा मोजा, आजोबांच्या धुऊन धुऊन विरलेल्या रुमालाचा कोपरा. पोटातलं घट्ट होतं ते म्हणजे दोऱ्यांच्या तुकड्यांचा गोळा. आणि दंडात कागद! घडी केलेला, कसल्या तरी बाहीचा नमुना. मी ते सगळं फरशीवर मांडून बसले होते आणि भीती नव्हतीच, उलट खजिना सापडल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात पलंगाच्या कडेशी आत्याचे पाय आले.

ती वाकली. पाहिलं. बाहुलीकडे नाही, कात्रीकडे.

“कागद नाही ना गं कापलास?”

नाही म्हटल्यावर ती खालीच बसली. ओरडली नाही. सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “भर आता. आणि शीव.” माझ्या आयुष्यातले पहिले टाके त्या बाहुलीच्या पोटावर आहेत. नखाएवढाले धावदोऱ्याचे टाके, जे महिन्याभरात उसवले. मग तिने उलटा टाका शिकवला, जो दोन पावलं पुढे आणि एक मागे जातो आणि म्हणून टिकतो. बाहुलीचं पोट पूर्वीसारखं कधी झालं नाही. मी सगळं परत कोंबलं होतं, पण कुठली चिंधी कुठे होती ते आठवत नव्हतं, त्यामुळे तिला नंतर कायम जरासं पोट सुटलेलं होतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली आहे, इजिप्तमध्ये सापडलेली. इसवीसनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकातली म्हणतात. बाहेरून लिननचं कापड, आत चिंध्या आणि पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा नाक-डोळ्यांच्या आधी माझं लक्ष त्या पपायरसवर गेलं. म्हणजे तेव्हाही कोणाच्या तरी आत्याने कागद कोंबला होता, आणि तेव्हाही रात्री कोणीतरी ते कुरकुरणं ऐकलं असणार.

दुकानातल्या खेळण्यांत हे सुख नाही. आत एकसारखा पांढरा कृत्रिम कापूस, स्वच्छ, बिनआवाजाचा. पण दुकानातल्या मऊ खेळण्यांचा सगळा पसारा ज्या एका हत्तीपासून सुरू झाला, तो काही खेळणं म्हणून शिवलेला नव्हता. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चालता येत नव्हतं, उजवा हात अशक्त. 1880 मध्ये तिने फेल्टचे छोटे हत्ती शिवले, टाचण्या टोचून ठेवायला. मुलांनी ते पळवले आणि खेळायला घेतले, टाचण्यांची सोय राहिली बाजूला. मला या गोष्टीत ती मुलं फार आवडतात. माझाही अनुभव तोच आहे. एका भाच्याला मी पंधरा दिवस खपून कप्प्याकप्प्यांची पिशवी शिवून दिली, त्याला आवडली तिची नाडी.

डोळ्यांचं मात्र मी ऐकत नाही कोणाचं. सशाला काळी चकचकीत बटणं लावली तर तो लगेच बघायला लागतो, हे मान्य. दोऱ्याने भरलेल्या डोळ्यांचा ससा जरा झोपाळू दिसतो. पण बटण हे कधी ना कधी निघतंच, आणि निघालं की ते तोंडातच जातं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीचं एक नळकांडं असतं, 31.7 मिलिमीटर व्यासाचं. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो बाद. माझ्या बटणांच्या डब्यातलं झाडून सगळं त्यात मावेल. उद्याची मुलगी साडेचारची आहे, तिला हा नियम लागू नाही. पण तिला धाकटा भाऊ आहे, आणि धाकटे भाऊ रांगत कुठे पोचतील याचा नेम नसतो.

इतकी काळजी घेणारी मी, तीच मी एकदा काय केलं होतं ते सांगते.

मला एक खोड होती. जेवणात काय आहे ते आधी सांगायचं नाही. आधी खा, वाहवा करा, आणि मग मी हळूच म्हणणार, यात दूध नाही बरं का. मग समोरच्याचा चेहरा बघायचा. त्या एका क्षणासाठी मी दोन-दोन दिवस राबत असे. तर एकदा मैत्रीण आली होती, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन. मी चॉकलेटचं क्रीम केलं होतं. रात्रभर भिजवलेले काजू इतके बारीक वाटलेले की जिभेला पत्ता लागू नये. वाट्या मांडल्या. तिने विचारलं, “यात काय आहे गं?”

मी म्हटलं, “ओळख बघू.”

मुलाचा चमचा भरून वर आला होता. तिने काही न बोलता त्याचं मनगट धरलं. तसंच हवेत धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, “काजू आहेत?”

काही झालं नाही. चमचा खाली गेला, त्याला केळं दिलं, गप्पा झाल्या. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही आणि मुलाने तर केळ्यावर दुसरं केळं मागून घेतलं. पण मी ‘ओळख बघू’ म्हणाले होते. लाडिक आवाजात, मान तिरकी करून. तो आवाज अजून अधूनमधून माझ्या कानात येतो आणि मी असेन तिथे डोळे मिटून घेते. माझ्या जेवणात काय नाही, त्याची यादी मला तोंडपाठ होती. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. काय आहे, ते सांगायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. आणि आमच्यासारख्यांच्या घरात क्रीम म्हटलं की काजू, दूध म्हटलं की बदाम किंवा सोया. नेमकी तीच, जी कोणाकोणाला अजिबात चालत नाहीत.

तेव्हापासून मी चिठ्ठ्या लिहिते. प्रत्येक भांड्यापुढे एक, ठळक अक्षरात, आत काय काय आहे ते सगळं. आणि बोलावतानाच विचारते, काय चालत नाही? माझी एक बहीण म्हणते, हे जेवण आहे की औषधाचं दुकान. म्हणू दे.

ससा उलटला. पेन्सिलीच्या बोथट टोकाने कान बाहेर काढले. एक जरा पिळलेला आहे, पण तो ऐकतोय असं वाटतं, म्हणून राहू दिला. भरताना आधी कान, मग पंजे, मग मान. मान कमी भरली की ससा जन्मभर खाली बघतो. आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट भरावं लागतं, चिमटीचिमटीने. आत माझ्या जुन्या सुती कुर्त्याच्या चिंध्या आहेत, एका उशीच्या अभ्र्याचा काठ, आत्याच्या शेवटच्या पोलक्याची वीतभर पट्टी. धुऊन, वाळवून घातलंय सगळं. कागद घालावा की नाही यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी डाव्या पायात घातला थोडा. दाबून पाहिलं. कुरकुरतो.

त्या मुलीच्या घरी कात्री कुठे ठेवतात, ते मला माहीत नाही.

पाठीची शिवण बंद करून दोऱ्याला गाठ मारली आणि आठवलं, मधेच एकदा उठून मी चण्याचं पाणी घुसळून ठेवलं होतं. जाऊन पाहिलं तर फेस बसलेला. वर चार बुडबुडे आणि तळाशी पाणी. साखर घालायची राहूनच गेली होती. पण या पाण्याचं बरं आहे, पुन्हा घुसळलं की पुन्हा फुगतं. चला.