आमची वाटचाल: हवा, गळती आणि साडेपाच तास

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्हाला अजून 'कॉम्प्रेसरवाले'च म्हणतात. म्हणोत. डिजिटल ट्विनचं, म्हणजे यंत्रणेकडून सतत रीडिंग घेत तिच्यासारखंच चालणाऱ्या संगणकातल्या मॉडेलचं काम आम्ही कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेपासूनच सुरू केलं. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, विजेचा विषय निघाला की सगळे भट्टीकडे बघतात. पण अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसरही फुल लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातच असतो.

पहिल्याच कामात आम्ही बुडता बुडता वाचलो. जेवणाची सुट्टी १ वाजता, आलेखात मात्र सकाळी ७:३० लाच हवेचा वापर कोसळलेला! पीएलसीचं, म्हणजे मशिनं चालवणाऱ्या कंट्रोलरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर, साडेपाच तास मागे होतं. त्यात हवेचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाला चिकटून बसवलेला. २ इंची लाइनला मीटरच्या आधी २० व्यास, म्हणजे मीटरभर सरळ पाइप हवा. बिल अडकलं. तेवढ्यात शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं रंगीत, गोल फिरणारं मॉडेल दाखवून पुढची ऑर्डर नेली. त्यात रीडिंग रोज सकाळी हातानं भरत! त्याला ट्विन म्हणायचं, तर लग्नातल्या फोटोलाही नवरदेव म्हणा.

एका फाउंड्री-मालकांनी मात्र सुट्टीच्या दिवशी आख्खी शेड आमच्या ताब्यात दिली. मशिनं बंद, पण लाइनचे व्हॉल्व्ह उघडे. ७ बार भरून कॉम्प्रेसर थांबवला आणि स्टॉपवॉच लावलं. ६ बारवर यायला ६० सेकंद. रिसीव्हर, म्हणजे हवेची टाकी, २ घनमीटरची, म्हणून आम्ही गळती ७० सीएफएम (मिनिटाला घनफूट) धरली आणि फसलो. पाइपलाइनच्या पोटात आणखी १ घनमीटर हवा होती. खरी गळती १०६ सीएफएम. तो आकडा घातल्यावर मॉडेल आणि गेज जुळले. मग सेटिंग ७ वरून ६.५ बारवर आणलं तर टोकाच्या मोल्डिंग मशिनला दाब पुरेल का, हे आधी ट्विनमध्ये बघितलं आणि मगच, ऑपरेटरच्या होकारानं, पीएलसीला पाठवलं.

मधली वर्षं बरी गेली.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांनो, मीटर आणि पीएलसी जोडणाऱ्या आरएस-४८५ डेटा-लाइनच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, मधे नको. केबलचं शील्ड, म्हणजे वायरींवरचं धातूचं वेष्टन, एकाच बाजूला अर्थ करा. इंडक्शन भट्टीच्या केबलच्या ट्रेमधून सिग्नलची वायर नेऊ नका. सेन्सरच्या ४-२० मिलिअँपच्या लूपमध्ये सगळ्यात कमी रीडिंगही ४ असतं, म्हणून ० आलं तर वायर तुटली समजा. तो शून्य दाब समजून मॉडेलला पाजलात, की ते बसलं कॉम्प्रेसर पळवत.

त्या शेडमध्ये स्टॉपवॉचची चाचणी अजून दर महिन्याला होते. वेळ कमी भरली, म्हणजे गळती वाढली, की लॅपटॉप बाजूला आणि साबणाच्या पाण्याची बाटली हातात. सुरुवात ग्राइंडरच्या कपलिंगपासून.