रंधा-पटाशीची वही, नोंद ६: कॅप आयर्न, बर आणि शेपट्या

या खेपेला काम तीनच गोष्टींवर झालं: नंबर ४ च्या लोखंडी रंध्याचा छिलका, १२ मिमी पटाशीची धार आणि पेटीच्या कोपऱ्यांचे डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे सांधे). तिन्हींबद्दल सुतारांशी, अवजारं घडवणाऱ्यांशी आणि शिकवणाऱ्यांशी जे बोलणं झालं, त्यातलं कामाला आलेलं तेवढं इथे आहे.

आधी प्रश्न विचारण्याबद्दल. मुरलेल्या सुताराला "हे कसं करता?" विचारलं की "हाताला कळतं" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खोटं नसतं. त्याऐवजी "हे बिघडलंय हे आधी कशावरून ओळखता?" असं विचारून बघा. मग अंश, मिलिमीटर, छिलक्याचा आवाज, सगळं बाहेर येतं.

रंधा

तंतूंच्या उलट दिशेने रंधा चालवला की लाकूड उचकटतं, त्यावर तिघांची तीन उत्तरं. सुतार म्हणतो, पातं पाजळ आणि बारीक काढ. अवजारवाला म्हणतो, तोंड (तळातली पात्याची फट) अरुंद कर. शिकवणारा म्हणतो, कॅप आयर्न (पात्यावर स्क्रूने बसणारी लोखंडी पट्टी) धारेजवळ आण. तिन्ही बरोबर आहेत. फक्त दुसरं आणि तिसरं एकदम करू नका. कॅप आयर्न जवळ असताना छिलका उभा वर चढतो, तोंड अरुंद असेल तर त्याला वाट उरत नाही आणि दोनचार फटकाऱ्यांत रंधा तुंबतो. कॅप आयर्न पुढे आणायचं ठरलं की फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो रंध्यातला सरकता तुकडा) मागे घेऊन तोंड मोकळं ठेवा.

पाचर घातल्यासारखं पातं तंतू उचलतं आणि चीर धारेच्या पुढे पळते. ती खाली वळली की खड्डा पडतो. कॅप आयर्नची कड अगदी जवळ असेल तर चीर पळायच्या आत छिलका मोडून पुढे ढकलला जातो. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या काटो आणि कावाई यांनी हे कापताना जवळून चित्रित केलं आहे. अंतर दशांश मिलिमीटरच्या घरात आणि कॅप आयर्नच्या कडेचा उतार चांगला उभा असला की उचकटणं थांबताना त्यात स्पष्ट दिसतं.

सध्या चालू असलेली मापं: सफाईच्या रंध्याला ०.२ मिमी, जाडं काढायच्या रंध्याला १ मिमी किंवा जास्त. कॅप आयर्नच्या कडेला दगडावर साधारण ५० अंशांचा बारीक उतार. ०.२ मिमी पट्टीने मोजता येत नाही. पात्याची सपाट बाजू उजेडाकडे धरा. कॅप आयर्नच्या पुढे चकाकणारी केसाएवढी रेघ दिसली पाहिजे. स्क्रू पूर्ण आवळताना कॅप आयर्न दाबून सपाट होतो आणि थोडा पुढे सरकतो, म्हणून आवळण्यापूर्वी रेघ जराशी रुंद ठेवा. नाहीतर तो धारेच्या बाहेर येतो आणि रंधा कापतच नाही.

जुळलं की छिलका गुंडाळी न होता सरळ वर येतो. पंख्याच्या घडीसारखा चुरगळला आणि रंधा ढकलायला जड गेला, तर अंतर फार कमी झालंय.

दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, कॅप आयर्न आणि पात्यामध्ये उजेड दिसणं. त्या फटीत छिलका पाचरीसारखा घुसतो. कॅप आयर्नची खालची कड दगडावर घासा, पण त्याची शेपटी दगडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली धरून, म्हणजे फक्त पुढची कड टेकेल. दुसरं, पात्याला गोलाई जास्त असणं. धार मध्ये पुढे आणि कोपऱ्यात मागे असेल तर सरळ कॅप आयर्न कोपऱ्यांत धारेच्या पुढे जातो. अंतर ०.२ ठेवायचं तर गोलाई त्याहून कमी हवी. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

तळ सपाट करण्यावर लोक नको तितका वेळ घालवतात. टेकायला हव्यात तीन जागा: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी, मागचं टोक. मधे थोडी पोकळी चालते. तोंडापुढची पट्टी मात्र वर राहिली तर बारीक छिलका येणारच नाही. काचेवर ८० नंबरचा पॉलिशपेपर, तळावर मार्करच्या आडव्या रेघा, पातं आत ओढलेलं. लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारी वरची पट्टी) नेहमीच्या दाबाने बसवलेलीच ठेवा, कारण त्या दाबाने लोखंडी अंगही किंचित वाकतं. दाब काढून सपाट केलेला तळ दाबाखाली पुन्हा वाकडा होतो.

धार

मुख्य उतार २५ अंश, टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. बाजूने पकडणाऱ्या साध्या होनिंग गाइडमध्ये (धार लावताना कोन कायम ठेवणारी पकड) पटाशी ४० मिमी बाहेर काढली तर २५ अंश, ३० मिमी काढली तर ३० अंश. रंध्याच्या पात्याला याच कोनांसाठी ५० आणि ३८ मिमी. लाकडाच्या तुकड्यावर या अंतरांचे थांबे ठोकून ठेवले की दर वेळी पट्टी शोधावी लागत नाही.

पोलादाचा मुद्दा अवजारवाल्यांकडून जास्त नीट कळतो. ओ१ प्रकारचं पोलाद दगडावर लवकर उतरतं आणि २५ अंशांवरही बरं टिकतं. ए२ या दुसऱ्या प्रकारात सुमारे ५ टक्के क्रोमियम असतं, त्याचे कार्बाइडचे कण मोठे. २५ अंशांवर ठोकलं की धारेचे कण गळतात. त्याला ३० ते ३३ द्या. "ए२ची धार टिकत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा कोनाची असते. ग्राइंडरवर टोक निळं पडलं तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलंय आणि तेवढा भाग मऊ झालाय. तो घासून काढण्याला पर्याय नाही.

बाकी सगळं बरवर, म्हणजे घासताना पात्याच्या पलीकडे उलटणाऱ्या पोलादाच्या बारीक कडेवर. १००० नंबरच्या दगडावर पात्याच्या मागे पूर्ण रुंदीभर बर अंगठ्याला लागेपर्यंत पुढच्या दगडावर जायचं नाही. एका कोपऱ्यात बर नसेल तर तिथे धार अजून झालेली नाही, आणि ८००० नंबरच्या अतिबारीक दगडावर तासभर घासूनही होणार नाही. वॉटरस्टोन (पाणी लावून वापरायचा धारेचा दगड) मधे खोलगट झाला की पात्याची पाठ गोल होते, म्हणून प्रत्येक बैठकीआधी डायमंड प्लेटवर पेन्सिलीच्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड सपाट करायचा.

रंध्याच्या पात्याखाली अर्धा मिमीची स्टीलपट्टी ठेवून पाठीला सूक्ष्म उतार देण्याची युक्ती डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्रज शिक्षकाने रूढ केली. ती पटाशीवर वापरू नका. पटाशी सपाट पाठीवरच टेकून चालते.

डव्हटेल

डव्हटेलच्या एका फळीवर पसरट शेपट्या असतात, दुसरीवर त्यांच्या मधे बसणाऱ्या पिना. आधी पिना की आधी शेपट्या, हा वाद मिटणारा नाही. फ्रँक क्लाउझ हे नावाजलेले सुतार पिना आधी कापतात. पिना आधी असल्या की पेन्सिल आत सहज पोचते आणि अगदी बारीक पिनांचंही आरेखन होतं. शेपट्या आधी कापल्या तर दोन फळ्या एकत्र धरून एकाच वेळी करवतता येतं. पेटीच्या समोरासमोरच्या बाजूंना हा फायदा मोठा, म्हणून इथे शेपट्या आधी. उतार मऊ लाकडात १:६, कठीण लाकडात १:८.

पायारेघेवर (सांध्याची खोली दाखवणारी रेघ) जे बिघडतं ते पटाशीच्या आकारामुळे. उतार असलेली पटाशी रेघेतच ठेवून ठोकली की तिची पाठ मागे सरकते आणि रेघ चेपते. आधी रेघेपासून १ मिमी सोडून ठोका, समोरचा कचरा उडवा, आणि शेवटच्या फटक्यालाच पटाशी रेघेत घाला. अर्ध्या जाडीपर्यंत एका बाजूने, मग फळी उलटून. मधला भाग किंचित खोल गेला तरी चालतो. आडव्या तंतूला गोंद तसाही फारसा धरत नाही.

जोडून पाहताना एक तृतीयांश खोलीपर्यंतच घालावं. त्यापुढे जड जातंय तर चकाकणाऱ्या जागा पटाशीने खरवडा, हातोडी घेऊ नका. जाड राहिलेल्या शेपट्या पाचरीसारख्या बाहेर दाबतात आणि सगळ्यात आधी जातात त्या कडेच्या अर्ध्या पिना. चार कोपऱ्यांपैकी दोन बसले, तिसऱ्यात पायारेघेला पाव मिमी फट आहे, चौथा अजून करवतायचा आहे.