पेशंटसोबतचा माणूस कुठल्या रकान्यात?

मार्च एंडची धावपळ ओळखीची होती, बाकी काहीच नाही. पुण्यात बरीच वर्षं हिशेबाची कामं केली, मग कॅनडात आलो आणि फिरत फिरत पार उत्तरेला, नुनावुतची राजधानी इकालुइतला पोचलो. आर्थिक वर्ष इथंही 1 एप्रिल ते 31 मार्च. आरोग्याच्या अंदाजपत्रकातलं एक लेखाशीर्ष माझ्याकडे आलं: पेशंटचा प्रवास. आपल्याकडे असं शीर्ष म्हटलं की ॲम्ब्युलन्सचं डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता डोळ्यांसमोर येतो. इथं तो आरोग्यावरच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

कारण नकाशातच आहे. 1999 मध्ये वेगळ्या झालेल्या या प्रदेशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त, लोकसंख्या साधारण 40 हजार, बहुतेक इनुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी. गावं 25, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता एकही नाही. गावात आरोग्य केंद्र असतं, ते नर्स चालवतात, डॉक्टर अधूनमधून येतात. मोठं म्हणावं असं रुग्णालय इकालुइतला. त्यापलीकडचं काही निघालं की प्रदेशाबाहेर दक्षिणेला उडायचं, प्रदेशाच्या तीन विभागांतून तीन दिशांना: बॅफिनकडचे पेशंट ओटावाला, किवालिकचे विनिपेगला, किटिकमिओतचे यलोनाइफ नाहीतर एडमंटनला. बाळंतपणासाठीसुद्धा बहुतेक बायकांना तारखेच्या काही आठवडे आधी गाव सोडावं लागतं.

प्रक्रिया कागदावर सोपी. आधीच्या वर्षीची मंजूर तरतूद हा पाया. त्यावर वाढ हवी असेल तर कारणांसह प्रस्ताव द्यायचा, तो वरिष्ठांकडून वित्त व्यवस्थापन मंडळापुढे जातो, मग हिवाळ्यात विधानसभेत. भांडवली खर्चाचं बजेट मात्र आधीच, शरदातल्या अधिवेशनात मांडतात. बांधकामाचं लाकूड, यंत्रं, फर्निचर, सगळी जड वस्तू गावात जाते ती उन्हाळ्यातल्या जहाजानं. निविदा वेळेत निघाली नाही आणि जहाज हुकलं, की काम वर्षभर मागे. मला ही पद्धत फार पटली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निधी पाठवून 31 तारखेच्या आत खर्च करा म्हणणाऱ्यांना एकदा इथं आणायला हवं.

प्रवासाच्या शीर्षाची गोम पहिल्याच महिन्यात दिसली. मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ दरवर्षीच बसत नव्हता. वर्षाच्या मध्यावर पुरवणी मागणी जायची, मंजूर व्हायची, वर्ष निभायचं. पुढच्या वर्षी पाया म्हणून पुन्हा तीच जुनी, अपुरी मूळ तरतूद. नागपूर अधिवेशनाच्या बातम्या वाचत मोठा झालेल्या माणसाला पुरवणी मागण्यांचं नवल नाही. पण दरवर्षी त्याच कारणासाठी, त्याच महिन्यांत येणारी मागणी आकस्मिक कशी म्हणायची?

मी तक्ता मांडला: पेशंट किती, भाडं किती, मुक्काम किती. प्रवासाची तिकिटं काढणाऱ्या विभागात एक ज्येष्ठ इनुइट बाई होत्या, त्यांना दाखवला. त्यांनी नजर फिरवली आणि विचारलं, "यात पेशंट आहेत. त्यांच्यासोबतची माणसं कुठे आहेत?"

लहान मूल एकटं जात नाही. ज्या आजोबांना फक्त इनुक्तितुत ही इनुइट भाषा येते, त्यांना ओटावाच्या डॉक्टरांपुढे एकटं बसवता येत नाही. म्हणजे सोबत घरचं कोणीतरी, म्हणजे दुसरं तिकीट, दुसरी खाट, दुसरं जेवण. बाईंनी एक बंद झालेली केस काढून दिली. पांगनिर्तुंग या गावचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची मुलगी. तिथली धावपट्टी गावाच्या ऐन मध्यातून जाते, दोन्हीकडे डोंगर, वारा फिरला की विमान उतरत नाही. ओटावातली तपासणी एका सकाळची. परत येताना इकालुइतला अडकले. आधी वारा, मग बर्फाचं वादळ, मग साठलेल्या प्रवाशांमुळे जागा नाही. बाहेरगावच्या पेशंटना उतरवतात ते बोर्डिंग होम भरलेलं, म्हणून हॉटेल. पावत्या एकमेकींना टाचून ठेवल्या होत्या, आणि तपासणीच्या प्रवासापेक्षा अडकून पडण्याची चळत जाड होती.

मग मी हवामानामुळे वाढलेल्या रात्रींसाठी वेगळा रकाना केला, सोबत्यांसाठी वेगळा. त्यानंतर कुठे आकडे बोलायला लागले.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या शीर्षात नव्हतीच. नर्सच्या मंजूर जागा बऱ्याच रिकाम्या. त्यामुळे वेतनात शिल्लक दिसते आणि एजन्सीच्या कंत्राटी नर्सच्या खर्चात तूट. कंत्राटीही मिळाल्या नाहीत तर केंद्र फक्त तातडीच्या सेवेपुरतं चालतं; 2021 च्या उन्हाळ्यात काही गावांत तेच झालं. मग जे दुखणं गावात बघता आलं असतं ते विमानात बसतं. एका पानावरची बचत दुसऱ्या पानावर खर्च होऊन उगवते, पण ती दोन पानं दोन वेगळ्या माणसांकडे असतात. समाजसेवांचंही वेगळं नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी इथल्या बाल व कुटुंब सेवांवर 2011, 2014 आणि 2023 मध्ये कडक अहवाल दिले. सोशल वर्करच्या भरल्या न जाणाऱ्या जागा हे तिथलंही जुनंच दुखणं.

मंडळाआधीच्या बैठकीत मूळ तरतूदच खऱ्या खर्चाइतकी धरा, असं मी मांडलं. हिशेबाच्या बाजूचे एक अधिकारी शांतपणे म्हणाले, "पाया वाढवला की तो खर्च होणार आणि वर पुन्हा मागणी येणार. पुरवणीमुळे निदान कोणीतरी वर्षातून एकदा प्रश्न विचारतं." मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. शिवाय या सरकारच्या दर दहा डॉलरांपैकी आठांहून अधिक ओटावाकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतात, बहुतेक ठरलेल्या सूत्रानुसार. आमच्या रकान्यात वाढवायचे तर दुसऱ्या कोणाच्या तरी रकान्यातून काढायचे. इनुइट पेशंटच्या प्रवासाचा काही भाग केंद्राच्या आरोग्य लाभ योजनेतून परत मिळतो, पण किती मिळावा यावर दोन सरकारांचं जुनं भांडण आहे. तरीही मी विचारलं, प्रश्न विचारून धुकं हटतं का? आजोबांसोबतच्या मुलीला गावी ठेवायचं का? दक्षिणेतल्या तपासण्या गावात आणणं, व्हिडिओवर होईल ते व्हिडिओवर करणं, नर्स टिकवणं यानंच हा खर्च कमी होईल. तंग तरतुदीनं फक्त बिलं उशिरा जातात.

मागितलं तेवढं मिळालं नाही. मूळ तरतुदीत काही वाढ झाली, सोबत्यांचा रकाना राहिला, हवामानाच्या रात्री मात्र "पुरवणीत पाहू" म्हणून बाजूला काढल्या. विधानसभेत पक्ष नाहीत, प्रत्येक सदस्य आपापल्या गावाचं बोलतो. चर्चेत एकानं विचारलंच, की आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना सोबती का नाकारतात? मंत्र्यांच्या हातात या वेळी सोबत्यांचा स्वतंत्र आकडा होता, त्यामुळे उत्तर मोघम झालं नाही.

पुरवणी मागणी त्या वर्षीही गेली, आधीपेक्षा लहान. पुढच्या पत्रकात नर्सच्या रिक्त जागा आणि त्या त्या गावचा प्रवासखर्च एकाच पानावर मांडायला वरिष्ठांनी होकार दिलाय. सध्या गावागणिक तेच जुळवतोय.