पन्नास किलोचं पोतं आणि फिट असल्याची चिठ्ठी

मार्केट यार्डातल्या हमालाला ‘जड वजन उचलू नका’ असं लिहून देणं म्हणजे त्याला काम सोडायला सांगणं. तरी कंबरेच्या दुखण्याच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर हे वाक्य असतंच. पुण्यात गुलटेकडीच्या भुसार बाजारात तांदळाची गाडी उतरवताना जखमी झालेले एक हमाल माझ्याकडे फिजिओथेरपीला आले, तेव्हा त्यांच्या फाईलमध्येही ते होतं. वर ‘आयुष्यभर’ असंही जोडलेलं होतं.

चाळिशी ओलांडलेले, मूळचे वेल्ह्याकडचे, तरुणपणापासून पाठीवर पोती वाहिलेले गृहस्थ. थप्पीच्या वरच्या थरातलं पोतं घसरलं. खाली टोळीतला एक पोरगा उभा होता, म्हणून यांनी ते मध्येच अडवलं आणि अंग पिळवटलं गेलं. कळ कंबरेतून मांडीच्या मागे, तिथून पोटरीत आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे येऊन नसेला टेकलेली दिसत होती. मणक्यात गॅप पडलाय, हलले तर पाय जातील, या धास्तीनं घरच्यांनी त्यांना महिनाभर पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, वजन उचलायचं नाही, तर मग यांनी करायचं काय?”

मी आधी तपासून घेतलं. लघवी-शौचावरचा ताबा शाबूत होता, बसण्याच्या जागी बधिरपणा नव्हता, पाऊल लुळं पडत नव्हतं. यातलं एक जरी बिघडलेलं असतं, तर त्यांना त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं असतं. डाव्या पायाच्या अंगठ्याची ताकद उजव्यापेक्षा किंचित कमी होती, एवढंच. असं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरंच ओसरतं. पुष्कळदा पुढे आलेली गादीही हळूहळू आक्रसते. दिवसेंदिवस झोपून राहिल्यानं मात्र कंबरेचे स्नायू सैल पडतात आणि भीती मुरते. हे सगळं मी दोघांनाही समोर बसवून सांगितलं, कारण घरी गेल्यावर “हलू नका” म्हणणार होत्या त्या वहिनीच.

चालण्यापासून सुरुवात केली. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, मग हातांवर. काही दिवसांत पायातली कळ पोटरीवरून मांडीत आणि मांडीवरून कुल्ल्यात आली. कंबर उलट जास्त दुखते म्हणून ते घाबरले होते. मला मात्र हायसं वाटलं. दुखणं पायाकडून कंबरेकडे सरकणं ही नस मोकळी होत असल्याची खूण असते.

पुढचा टप्पा वजनाचा. क्लिनिकमधली डंबेल्स त्यांच्या कामाची नव्हती. डंबेलला धरायला दांडी असते आणि त्याचं वजन जागचं हलत नाही. पोत्याला धरायला काही नसतं, आतला दाणा सरकतो आणि तोल दर पावलाला बदलतो. म्हणून मी त्यांना बाजारातूनच एक रिकामं पोतं आणायला सांगितलं. त्यात वाळू भरली. दहा किलो, पंधरा, वीस. आधी टेबलावरून उचलायचं, मग स्टुलावरून, शेवटी जमिनीवरून. ज्या दिवशी वीस किलोचं पोतं खांद्यावर टाकून ते जिना चढले, त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा ‘टोळी’ हा विषय निघाला.

तीस किलोपर्यंत आल्यावर ते म्हणाले, “मॅडम, आता फिटची चिठ्ठी द्या.” मी सांगितलं, आधी मला तुमचं काम बघायचंय. पोत्याखाली उभं राहणाऱ्या माणसाला माझ्या क्लिनिकच्या गुळगुळीत फरशीवर फिट ठरवणं मला मान्य नव्हतं. भारतातल्या फिजिओथेरपीत कामाच्या जागी जाऊन बघण्याची सवय फारशी नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी लवकरच आम्ही यार्डात पोचलो. तांदळाची गाडी लागली होती आणि टोळी कामाला लागली होती. गाडीवरचे दोघे पोतं फाळक्यापर्यंत ओढतात, खालचा गडी गाडीकडे पाठ करून जरा वाकतो, ते पोतं त्याच्या मानेखाली, खांद्यांच्या मधोमध देतात. तो वर हात नेऊन कोपरे पकडतो आणि निघतो. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. पाठीवर घेतलेलं वजन शरीराच्या मध्याजवळ असतं, त्यामुळे ते वाहून नेताना कंबरेवर येणारा ताण हातात पुढे धरलेल्या वजनापेक्षा कमी असतो. पिढ्यानपिढ्या हमालांनी हीच रीत ठेवली, ती उगीच नाही. धोका होता तो पोतं टाकताना. थप्पीपाशी पोचल्यावर पाय जमिनीत रोवलेले राहायचे आणि कंबरेतून पिळा देऊन पोतं बाजूला भिरकावलं जायचं. दिवसभर, दर खेपेला. आमचे पेशंटही वर्षानुवर्षं तसंच करत आले होते.

कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या सूत्राप्रमाणे, सगळी परिस्थिती उत्तम असली तरी एका माणसानं उचलायच्या वजनाची शिफारस २३ किलोपर्यंतच आहे. इथलं पोतं ५० किलोचं. आणि क्विंटलचं पोतं पन्नासावर यावं म्हणून हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, हेही विसरून चालणार नाही.

त्यांना आधी अर्धं भरलेलं पोतं दिलं. मग पूर्ण. फाळक्याखाली पाठ करून उभे राहिल्यावर त्यांनी श्वास रोखून धरला होता, बोटं आखडली होती. “श्वास सोडा, दादा,” म्हटलं. पोतं पाठीवर आलं, डावी पोटरी क्षणभर थरथरली आणि ते चालू लागले. टोळीनं काम थांबवलं होतं. थप्पीपाशी ते थांबले, आधी डावं पाऊल वळवलं, मग उजवं, सगळं अंग थप्पीकडे झालं आणि मग पोतं सोडलं.

“पायात काही?”

“नाही. कंबर भरून आली. पाय मोकळाय.”

मला हेच ऐकायचं होतं. कंबर भरून येणं म्हणजे स्नायू दमले, ते झोपेनं उतरतं. कळ पुन्हा पायात उतरली असती, तर आम्ही वाळूच्या पोत्याकडे परत गेलो असतो.

खरी बोलणी त्यानंतर झाली. मुकादमांना सगळे तात्या म्हणतात. मी म्हटलं, लगेच पूर्ण पाळी नको, पहिले काही आठवडे थोड्या खेपा आणि बाकी हलकं काम. तात्या लगेच म्हणाले, “मग पोती शिवायला बसवतो की.” शिवणारा गडी शेजारीच होता. खाली ठेवलेल्या पोत्यांवर कंबरेत दुमडून, हातात दाभण आणि सुतळी घेऊन, मान वर न करता. गादीच्या दुखण्याला असं सतत वाकून राहणं वाईट. दिसायला हलकं, पण या माणसासाठी पाठीवरच्या खेपेइतकंच जड. मी ते करून दाखवलं, तेव्हा तात्यांनी दोन भरलेली पोती एकावर एक रचून त्यांवर तिसरं उभं केलं. शिवायची तोंडं कमरेच्या उंचीला आली. शिवणाऱ्या गड्यानंच आधी करून बघितलं आणि म्हणाला, “हे मला पण पाहिजे.”

टोळीची मजुरी सगळ्यांत वाटली जाते. एका पोरानं सरळ विचारलं, काम कमी करणार तर वाटणीचं काय? प्रश्न रास्त होता. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांना मंडळं मिळाली, मालकांकडून मजुरीवर घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळाला. महाराष्ट्रानं कष्टकऱ्यांसाठी केलेल्या कायद्यांत मी तो फार वरचा मानते. पण बरा होत असलेल्या माणसाला महिनाभर अर्धं काम कोण देणार, हे माझ्या पाहण्यात तरी टोळीतच ठरतं, आणि टोळी दयाळू नसेल तर माणूस दुखरी कंबर घेऊन पूर्ण पोत्याखाली जातो. असे कितीतरी जण पुन्हा पलंगाला खिळलेले मी पाहिलेत. तात्या त्या पोराला म्हणाले, “पोतं अडवलं नसतं तर तू असतास खाली.” वाटणीवर पुढे कोणी बोललं नाही.

चिठ्ठीत मी ‘फिट’ एवढंच लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात खेपा निम्म्या, जमिनीवरून एकट्यानं उचलणं बंद, वरच्या थरावर चढणं महिनाभर नाही, शिवणकाम उंचीवर, आणि कळ गुडघ्याखाली उतरली तर त्याच क्षणी थांबायचं, असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. तात्यांनी ती एका पोराकडून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतली.

दिवाळीच्या आधी साखर, डाळ, पोह्यांच्या गाड्यांची रांग लागली, तेव्हा ते पूर्ण पाळी करत होते. फार वेळ बसून राहिले तर डाव्या तळपायाला मुंग्या येतात. मग ते उठून चालतात, गोदामाच्या भिंतीला हात टेकून कंबर मागे वाकवतात. दरम्यान तात्यांनी टोळीतले आणखी दोघं माझ्याकडे धाडले. एकाचा खांदा, दुसऱ्याची मान, अजून काम सुटायची वेळ आलेली नाही तोवरच. मानेचा गडी बरा झाला. खांद्याचं चालू आहे, आणि वाळूचं पोतं सध्या त्याच्याकडे आहे.