सातवा चिरा

परवा दुपारी अडीचला मोबाइल पाहिला तर गच्चीवरच्या टाकीत २०० लिटर पाणी. सकाळी नऊला १८० होते. मधे ना नळ आला, ना मी मोटर लावली. घरात मी एकटाच. म्हणजे फोंड्यात भर एप्रिलच्या उन्हात माझ्या टाकीला पाझर फुटला होता!

पुतण्याला फोन केला. स्वस्तातला सेन्सर झाकणाला आतून त्यानेच बसवलाय. त्याआधी टाकीच्या बाहेर एक पारदर्शक नळी उभी केली होती, ती महिन्यात शेवाळाने हिरवी झाली. मग बाटलीचा तरंगा, दोरी आणि बाहेर लोंबता दगड. टाकी भरली की दगड खाली, रिकामी झाली की वर. हा उलटा हिशेब बायकोने एका दिवसात मोडीत काढला.

पुतण्या हसला. ‘‘काका, सेन्सर आवाज सोडतो आणि तो पाण्यावर आपटून किती वेळात परत येतो ते बघतो. टाकीतली हवा तापली की आवाज जोरात पळतो. दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटर. लवकर परत आला, की त्याला वाटतं पाणी वर आलंय.’’ हजार लिटरच्या टाकीत दोन सेंटीमीटर चुकले की वीसेक लिटर हवेतून पैदा. तापमान मोजणारा आणखी एक तुकडा लावावा लागेल म्हणे. शंभरेक रुपये.

मी वर गेलो. काळ्या प्लॅस्टिकवर तळहात ठेवून खाली आणत गेलो. चटका, चटका, आणि तळापासून वीतभर वर एकदम कोमट. बोटाच्या पेराने वाजवले. वर ढब ढब, खाली थप्प. वीतभर तर वीतभर.

आजोळी म्हार्दोळला विहिरीत एका चिऱ्याच्या सांध्यात नेचे उगवले होते. आजी पहाटे कळशी काठावर टेकवायची, वाकून नेच्याखालचे चिरे मोजायची आणि त्या दिवसाचा कायदा सांगायची. पाचवा उघडा पडला की अंगणात सडा नाही, नुसते झाडायचे. सातवा दिसला की जाईच्या वेलांना धुण्याचे पाणी. आम्हा पोरांना ‘आज सातवा’ एवढेच कळायचे, आणि न्हाणीत तांब्या आपोआप अर्धा भरायचा. लिटर हा शब्द तिने फक्त रॉकेलसाठी वापरला. मी एकदा मुद्दाम ‘सहावाच आहे’ म्हटले, तर तिने कान धरून मला काठावर नेले आणि मोठ्याने मोजायला लावले. विहिरीतून माझाच आवाज परत यायचा. सा...त.

मागच्या मे महिन्यात गेलो होतो. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पंप आहे. जाळीला नाक लावून पाहिले. मामाने गाळ काढला तेव्हा भिंतीही घासून घेतल्या, चिरे कसे लालबुंद दिसत होते. नेचे नव्हते. पाणी बरेच खाली होते. कितव्या चिऱ्यावर, ते सांगता येईना.